तरंगणारं पॉलिथिन तळाच्या गाळात कसं सापडतं?

गाळात_गेलेली

मंडळी, एक प्रश्न आठ दिवस डोकं खातोय. तुमच्यासमोर ओतते.

आम्ही पाच-सहा हौशी लोक एका मोठ्या सरोवरात मायक्रोप्लास्टिक, म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे कण, शोधतोय. होडीमागे बारीक जाळी ओढून वरचं पाणी गाळलं. त्याच जागी दोरीला गाळ पकडणारा जबडा बांधून तळाचा गाळही उपसला. गाळ वाळवला, मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला. सकाळी वर आलेला थर हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ केला, गाळणकागदावर घेतला आणि भिंगाखाली मोजायला बसले.

जाळीत जेमतेम काहीतरी सापडलं. १०० ग्रॅम सुक्या गाळात मात्र ६१ कण! त्यात बरेचसे पिशवीच्या प्लास्टिकसारखे पातळ पापुद्रे. आता गंमत ऐका. त्यातला एक पापुद्रा चिमट्याने उचलून साध्या पाण्याच्या वाटीत टाकला, तर तो तरंगला. चिमट्याने दाबून तळाशी नेला, सोडला, पुन्हा वर. चार वेळा केलं.

जो साध्या पाण्यात बुडायलाच तयार नाही, तो सरोवराच्या तळाशी कशाला जाऊन बसला होता?

आडवा_तिडवा

तळे राखी तो प्लास्टिक चाखी. (पहिला नंबर!)

खडूस_केमिस्ट

प्रश्न चांगला आहे, पण प्रयोगात आधीच एक मेख आहे ती पाहा. मिठाच्या संपृक्त पाण्याची घनता साधारण १.२ (साध्या पाण्याची १). पॉलिथिन ०.९१ ते ०.९७, पॉलिप्रोपिलीन ०.९ च्या आसपास, पॉलिस्टायरीन १.०५, नायलॉन १.१४. हे सगळे वर येणार. बाटल्यांचं आणि पॉलिएस्टर कापडाचं पीईटी १.३८, पीव्हीसीही त्याच्या आसपास. ही मंडळी मिठाच्या पाण्यात तळाशीच राहिली आणि तुम्ही ती उरलेल्या गाळासोबत फेकून दिलीत. म्हणजे ‘गाळात पॉलिथिनच जास्त’ असं म्हणू नका. तुमच्या मिठाने ज्यांना वर येऊ दिलं त्यांत पॉलिथिन जास्त, एवढंच.

झिंक क्लोराइडचं द्रावण १.५ च्या पुढे नेता येतं. पण ते त्वचा जाळतं आणि जलचरांना विषारी आहे. घरच्या टेबलावर त्याच्या वाटेला जाऊ नका. हेच पेरॉक्साइडचंही. किती टक्के वापरता? ३० टक्क्यांचं असेल तर हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी. त्यात लोहाचे क्षार घातलेत तर फेस उसळून भांड्याबाहेर येतो. माझ्या एका विद्यार्थ्याने छत रंगवलं होतं.

आणि एक. भिंगाखाली जे प्लास्टिक ‘दिसतं’ ते सगळं प्लास्टिक नसतं. तापलेली सुई टेकवून पाहिलीत का? प्लास्टिक वितळतं, आकसतं, वळतं. वनस्पतीचा तंतू काळा पडतो.

गाळात_गेलेली

सुई टेकवली होती काका, पण मोठ्या कणांनाच. बारीक तंतूंना टेकवायला गेले तर तंतूच सुईला चिकटून गायब. पीईटीचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. उरलेला गाळ अजून बादलीत आहे, फेकलेला नाही!

शेवाळवेडी

गाळातगेलेली ताई, तुमच्या कोड्याचं उत्तर तुमच्याच पेरॉक्साइडमध्ये आहे. 🙂

पूर्वी मी तळ्यातल्या शेवाळावर काम करायचे. तेव्हा पिशवीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या चौकटीला बांधून पाण्यात सोडून ठेवायचो. पहिल्या काही दिवसांतच पट्टी हाताला बुळबुळीत लागते. तो जिवाणूंचा थर. त्यावर शेवाळ येतं, मग डायटम, म्हणजे कवच असलेली एकपेशीय शेवाळं, येतात. डायटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचं. त्या चिकट थरात चिकणमातीचे कण अडकतात. काही आठवड्यांनी पट्टी तपकिरी, खरखरीत आणि जड होते. एकदा एक पट्टी चौकटीतून सुटली. मला वाटलं वर येईल, हात घालून बसले. ती झुलत झुलत खाली गेली.

पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं आहे, पण किती? शंभरात पाच-सहा भाग. एवढी तफावत बुजवायला कितीसा भार लागतो? त्यातून पापुद्रा पातळ. त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग अफाट, म्हणून चिकटायला जागा भरपूर. त्याच प्लास्टिकचा जाड गोल दाणा असता तर तो कितीतरी जास्त काळ वर राहिला असता.

तुम्ही पापुद्रा पेरॉक्साइडमध्ये धुतलात, त्याच्या अंगावरचं सगळं ओझं उतरवलंत, आणि मग विचारताय हा बुडत का नाही!

आडवा_तिडवा

म्हणजे प्लास्टिक पापभीरू होतं, संगतीने गाळात गेलं.

खडूस_केमिस्ट

शेवाळवेडी +१. यात भर एवढीच की नुसतं शेवाळच लागतं असं नाही. सूक्ष्म प्राणी हे कण गिळतात आणि त्यांची विष्ठा भराभर खाली बसते, कण तिच्यासोबत खाली. शिवाय मेलेलं प्लवक, माती, चिकट पदार्थ यांच्या गाठी बनतात, त्यात कण गुंततो. गाठ जड झाली की चालली तळाला.

मोजपट्टी

थांबा जरा. मूळ तक्रार होती ‘पाण्यात कमी, गाळात जास्त’. ही तुलना होते तरी कशी? जाळी ओढलीत तेव्हा मोजलंत त्या अर्ध्या तासात पृष्ठभागावर असलेलं. गाळात मोजलंत ते कित्येक वर्षांचं साठलेलं. एक खिशातली सुट्टी नाणी, दुसरं बँकेतली जमा.

एककांचा गोंधळ तर विचारू नका. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांचा २०१३ चा गाजलेला अभ्यास प्रति चौरस किलोमीटर सरासरी सुमारे ४३,००० कण सांगतो. केरळच्या वेम्बनाड सरोवरातल्या गाळाचा २०१७ चा अभ्यास प्रति चौरस मीटर ९६ ते ४९६ कण सांगतो, सरासरी २५३ च्या आसपास. आता कुणी उत्साही माणूस वेम्बनाडचा आकडा चौरस किलोमीटरमध्ये करेल, २५ कोटी ३० लाख येतील, आणि मथळा देईल ‘महासरोवरांच्या हजारो पट’. गुणाकार अगदी बरोबर, निष्कर्ष कचऱ्यात. एक आकडा वरच्या साईचा, दुसरा तळाच्या गाळाचा. काही जण प्रति घनमीटर पाणी देतात, काही प्रति लिटर, काही प्रति किलो सुका गाळ.

त्यातून जाळीची वीण. तुमची किती आहे? महासरोवरांच्या त्या अभ्यासात ३३३ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची होती. असल्या जाळीतून तंतू उभाच्या उभा निसटतो. तेच पाणी बाटलीत भरून बारीक गाळलं तर आकडा कुठल्या कुठे जाईल.

गाळात_गेलेली

जाळी ३३० ची. म्हणजे ‘जेमतेम काहीतरी’ हा पाण्याचा गुण नाही, माझ्या जाळीचा. नोंदलं.

कोपऱ्यातला_दिवा

एवढं मोजून काय होणार? आपण सगळे दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातोच आहोत म्हणे.

मोजपट्टी

@कोपऱ्यातला_दिवा, आलं का हे कार्ड! २०१९ पासून ही ५ ग्रॅमची गोष्ट फिरते आहे. पुढे लोकांनी गणित तपासलं तेव्हा तो आकडा फार फुगवलेला निघाला, अगदी हजारो पट. कणांची संख्या मिळाली की त्यावरून वजन काढताना प्रत्येक कण केवढा धरायचा, इथेच घसरगुंडी होते. जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्याबद्दलचा अहवालही २०१९ चाच. हाती असलेल्या मर्यादित माहितीवरून सध्याच्या पातळीला आरोग्याचा धोका दिसत नाही, पण अभ्यास वाढवा, असा त्याचा सूर होता. त्यातलं ‘मर्यादित माहिती’ घाबरवणारे विसरतात आणि ‘अभ्यास वाढवा’ निश्चिंत करणारे विसरतात.

कोपऱ्यातला_दिवा

बरं बाबा, कार्ड परत घेतलं. पण माशांच्या पोटात तर सापडतं ना?

शेवाळवेडी

सापडतं. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या नाइल पर्च आणि नाइल तिलापिया या माशांच्या आतड्यांत ते सापडल्याचा अभ्यास २०१६ चा आहे, तपासलेल्या माशांपैकी साधारण पाचव्या हिश्शात. पण आतड्यात सापडणं आणि मांसात उतरणं यात फरक आहे. आतडं काढून टाकतात. शिंपला किंवा छोटी मासळी अख्खी खाल्ली जाते, तिथे प्रश्न वेगळा.

पेंगुळलेली

हे येतं कुठून? सरोवरात जाऊन कुणी भुकटी तर टाकत नाही.

मीच_ती

पूर्वी टाकत होतो की! चेहरा घासायच्या त्या खरखरीत मलमात पॉलिथिनचे मणी असायचे. धुतलं की मोरीतून थेट प्रवासाला. महासरोवरांच्या पाण्यात असे गोल मणी सापडल्यावर बोंबाबोंब झाली आणि अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतून ते हद्दपार केले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम घातलेल्या मायक्रोप्लास्टिकवर आणखी व्यापक बंधनं आणली.

कपडे मात्र आपण रोज धुतो. २०१६ च्या एका प्रयोगात सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुलाईतून सात लाखांहून जास्त तंतू सुटतील असा हिशेब निघाला होता. मी तेव्हापासून मशीनच्या पाण्याच्या नळीला गाळणी बांधते. पहिल्यांदा उघडली तेव्हा आत मांजराच्या केसांसारखा करडा लगदा होता. आमच्याकडे मांजर नाही.

मोजपट्टी

आणि तो लगदा कुठे टाकता?

मीच_ती

...बेसिनमध्ये गाळणी धुवायचे. पहिले दोन महिने. हसा.

आडवा_तिडवा

😂😂 वाचनखूण साठवली आहे.

खडूस_केमिस्ट

हसू नका, सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं वेगळं काय करतात? स्कॉटलंडमधल्या एका केंद्राचा २०१६ चा अभ्यास आहे. केंद्र ९८ टक्क्यांहून जास्त कण अडवत होतं, तरी पाण्याचा लोंढा एवढा की रोज साडेसहा कोटी कण बाहेर जात असावेत असा अंदाज निघाला. आणि अडवलेले कण नाहीसे होत नाहीत, मळीत, म्हणजे केंद्रात खाली बसणाऱ्या गाळात जातात. मळी खत म्हणून शेतात पडली की पाऊस त्यातलं काही पुन्हा ओढ्यात आणतो. बेसिन मोठं, एवढाच फरक.

नावाडी_नंबर_सात

शास्त्रातलं कळत नाही, पाण्यावर आयुष्य गेलं. एक सांगतो. वारा एकाच बाजूने दोन दिवस वाहिला की पलीकडच्या काठाच्या लव्हाळ्यात जाऊन बघा. पिशव्यांच्या चिंध्या अडकून उन्हात वाळतात, हातात घेतल्या की कागदासारख्या चुरतात. पुढच्या लाटेबरोबर तोच चुरा आत. गावाने टाकलेलं एक, पण आमच्या जाळ्या आणि दोर काय कमी आहेत? जुना नायलॉनचा दोर हातातून सरकला की तळव्यावर भुसा राहतो. तो आम्ही पाण्यातच झटकतो.

आणि ताई, तुम्ही जाळी ओढलीत तेव्हा वारा होता का? लाट असली की वरचं सगळं हातभर खाली ढवळलं जातं. वरवर ओढलेल्या जाळीत काय येणार?

गाळात_गेलेली

होता दादा, चांगलाच होता. वहीत ‘वारा: आल्हाददायक’ असं लिहून ठेवलंय. 🤦‍♀️

शेवाळवेडी

नावाडीदादांचा प्रतिसाद दोनदा वाचा. ‘उन्हात वाळून चुरतात’ हेच ते. अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं, काठावर हे जोरात चालतं, तळाच्या थंड अंधारात जवळजवळ थांबतं. तुकडे काठावर बनतात आणि तळाशी जपले जातात.

मंगोलियातल्या खुव्सगुल सरोवरातही हेच दिसलं. दुर्गम, डोंगरातलं, काठावर तुरळक वस्ती. तरी २०१४ च्या अभ्यासात प्रति चौरस किलोमीटर सरासरी २०,२६४ कण. त्यात प्रसाधनांचे मणी नव्हते, होते ते तुकडे आणि पापुद्रे. थोडीच माणसं, पण कचरा उचलायची सोय नाही आणि पाणी वर्षानुवर्षं तिथेच.

कोपऱ्यातला_दिवा

पण सरोवराला बाहेर वाट असते ना? नदी घेऊन जाईल सगळं.

मोजपट्टी

कधी? त्या महासरोवरांपैकी ईरीचं पाणी पालटायला साधारण अडीच वर्षं लागतात. सुपीरियरला सुमारे १९१. पणजोबांनी धुतलेला शर्ट अजून आतच असेल. आणि पालटतं ते पाणी. जे गाळात बसलं त्याला वाहून जायचं निमंत्रणच नाही.

२०२३ मध्ये २३ देशांतली ३८ सरोवरं आणि जलाशय एकाच पद्धतीने तपासले गेले. एकच पद्धत, म्हणून तो अभ्यास मला आवडतो. इटली-स्वित्झर्लंडमधली लुगानो आणि मॅजोरे, अमेरिकेतलं टाहो ही जास्त प्लास्टिकवाल्यांत निघाली. चित्रात निळीशार दिसतात ती. टाहोचं पाणी तर पारदर्शकतेसाठी जगात नावाजलेलं.

आडवा_तिडवा

म्हणूनच आपले पूर्वज कुणाला पाण्यात पाहू नये म्हणत.

पेंगुळलेली

प्लास्टिक वर्षानुवर्षं थराथरांनी साठत असेल तर गाळाचा उभा नळीभर तुकडा काढून कोणत्या साली किती हे वाचता येईल ना? झाडाच्या कड्यांसारखं?

खडूस_केमिस्ट

येतं, आणि करतातही. थरांचं वय शिसे-२१० या किरणोत्सारी शिशावरून काढतात, त्याचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, २२ वर्षांच्या आसपास. खुणेचा दगड म्हणून किरणोत्सारी सीझियम-१३७ असतं, अणुचाचण्यांमुळे त्याचा कळस १९६३ च्या थरात. वर प्लास्टिक, खाली शुद्ध माती. फार देखणा पुरावा मिळतो.

मोजपट्टी

देखणा आहे म्हणूनच मला संशय. लाटवियातल्या तीन सरोवरांच्या गाळाचा अभ्यास २०२४ मध्ये आला. तिथे अठराव्या शतकातल्या थरांतही मायक्रोप्लास्टिक सापडलं. तेव्हा तर बेकलाइट या पहिल्या पूर्ण कृत्रिम प्लास्टिकचाही जन्म झालेला नव्हता, तो १९०७ चा. म्हणजे कण वरून खाली झिरपतात. तंतूसारखा बारीक लांब कण तर आणखी सहज. त्यामुळे ‘या थरात प्लास्टिक, म्हणून हा थर १९५० नंतरचा’ असं म्हणता येत नाही.

खडूस_केमिस्ट

मान्य, पण त्यावरून सगळंच मोडीत काढू नका. एखादा कण खाली झिरपला म्हणून वरच्या थरांतली वाढ खोटी ठरत नाही. तारीख प्लास्टिकवरून काढू नये, तारखेवरून प्लास्टिक वाचावं. आणि काही कण नमुना घेताना नळीच्या कडेने वरून खाली ओढले गेले असतील, ही शक्यता प्रत्येक अभ्यासात आधी तपासावी लागते.

मोजपट्टी

‘तारखेवरून प्लास्टिक वाचावं’ इथे आपलं जमलं. जपून ठेवा, असं वारंवार होत नाही.

चिमटा_आणि_भिंग

उशिरा आलो, सगळं वाचलं. एकच विचारतो. ६१ कणांचे रंग काय होते? आणि कोरा नमुना केला होता का? म्हणजे गाळ न घालता तीच भांडी, तेच मीठ, तेवढाच वेळ उघडं ठेवून, पुन्हा मोजणी?

मी प्रयोगशाळेत मोजणीचं काम केलंय. आम्हाला सुती कोट सक्तीचा होता, स्वेटर घालून आत गेलं तर घरी पाठवायचे. तरीही कोऱ्या कागदावर तंतू सापडायचेच. हवेत असतात, मिठात असतात.

गाळात_गेलेली

कोरा नमुना नाही केला. रंग वहीत पाहून सांगते.

पापुद्रे पांढरे आणि पारदर्शक. काही तंतू निळे. काही नारिंगी.

चिमटा_आणि_भिंग

होडीत अंगावर काय होतं?

गाळात_गेलेली

...

लाइफ जॅकेट. नारिंगी. 🙈

आडवा_तिडवा

धाग्याचं शीर्षक बदला: ‘तरंगणारं जॅकेट तळाच्या गाळात कसं सापडतं?’

नावाडी_नंबर_सात

जॅकेट काढू नका हां ताई, काही झालं तरी. मोजणी पुन्हा करता येते.

चिमटा_आणि_भिंग

दादा बरोबर बोलले. जॅकेट घालायचंच, त्याच्या पट्ट्याचा थोडा भुसा काचेच्या कुपीत संदर्भ म्हणून ठेवायचा आणि जुळणारे तंतू मोजणीतून वगळायचे. निळ्यांसाठी दोरी तपासा.

गाळात_गेलेली

(तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.)

सगळं पहिल्यापासून केलं. भांडी काचेची, मीठ विरघळवून गाळून घेतलेलं, खिडक्या बंद, अंगात सुती झगा. बाजूला कोरा नमुना. कोऱ्यात ९ तंतू निघाले, सगळे निळे! आमच्या खोलीतल्या गालिच्याशी जुळले. नारिंगी जॅकेटचे, निळ्यांतले बाकीचे जबड्याच्या दोरीचे. जुन्या ६१ मधून तंतू काढून टाकले आणि उरले ३४. तंतूंबद्दल मी आता एक शब्दही बोलणार नाही.

३४ त २९ पापुद्रे. ते ना जॅकेटचे, ना दोरीचे, ना गालिच्याचे.

शेवाळवेडीताईंसाठी खास प्रयोग केला. नव्या गाळातला एक पापुद्रा मीठ-पेरॉक्साइड काही न लावता ओल्या मातीतूनच चिमट्याने काढला. नखाएवढा, तपकिरी, एका बाजूला हिरवट थर. सरोवराच्याच गाळलेल्या पाण्यात सोडला. थोडा गिरकला आणि खाली बसला. रात्रभर तिथेच. सकाळी तोच पेरॉक्साइडमध्ये ठेवला, फेस आला, तपकिरी रंग उतरला, पारदर्शक झाला. पुन्हा त्याच पाण्यात सोडला.

वर.

शेवाळवेडी

फोटो!! आणि तो हिरवट थर पेरॉक्साइडच्या आधी काचपट्टीवर घेतला होतात ना? डायटम ओळखून देते.

गाळात_गेलेली

नाही घेतला ताई. पण बादलीत अजून गाळ आहे.

खडूस_केमिस्ट

त्याच बादलीत पीईटीही आहे, विसरू नका.